तांबीने सोडलेली खुंटी

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नावाचे नगर होते. तेथे सुबाहू राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुनेत्र. तरुणपणीच तो राजवैद्य झाला, आणि त्या पदाबरोबर वानरशाळाही त्याच्याकडे आली.

ही वानरशाळा राजवाड्यामागे होती. राजघराण्यात कोणाला नवे औषध द्यायचे तर ते आधी वानरांना पाजीत. वानर बरे राहिले तरच माणसाला देत. हे काम रोहक नावाच्या माणसाकडे होते. रोहक अंगाने दांडगा, बोलायला फटकळ. लांब काठीच्या टोकाला कातडी वादीचा फास, हे त्याचे हत्यार. रोज संध्याकाळी तो वादीला तेल चोळी. पेटीतल्या वानराच्या गळ्यात फास टाकायचा, ओढून धरायचे, वेळूची नळी तोंडात घालायची आणि औषध ओतायचे. असा फास टाकणारा नगरात दुसरा नाही, याचा त्याला अभिमान होता.

पेट्या इतक्या बुटक्या की वानराला ताठ बसता येत नसे. प्रत्येकात एकेकटे. काही वानरे दिवसभर डुलत. काही आपलेच केस उपटीत. औषध पाजल्यावर ती थरथरत, लाळ गाळीत, कोपऱ्यात अंग टाकीत. ते औषधाने की भीतीने, हे कोणालाच कळत नसे. एका नव्या औषधाच्या वेळी मागचा राजवैद्य म्हणाला, भीतीने. तेच औषध त्याने राजाच्या बहिणीला दिले. ती गेली.

सुनेत्र पहिल्या दिवशी वानरशाळेत आला. त्याने एक रिकामी पेटी पाहिली, गुडघे पोटाशी घेऊन आत शिरला आणि दार ओढून घेतले. रोहकाला हसू आवरेना.

“वैद्यराज, कडी बाहेरून आहे. लावू का?”

“लाव,” सुनेत्र आतून म्हणाला.

रोहकाने लावली. ऊन कलेपर्यंत वैद्य आतच होता. बाहेर आला तेव्हा त्याला पाठ सरळ करता येईना. तो एवढेच म्हणाला, “पेट्या फोड.”

पेट्या फुटल्या. उंच भिंतींचे अंगण झाले. त्यात उंबराचे वाळके खोड फांद्यांसकट रोवले. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच फळ्या ठोकल्या, कारण वानराला वरून खाली पाहता आले की त्याची भीती कमी होते. ज्याचे ज्याच्याशी पटे त्यांना एकत्र ठेवले. चणे वाडग्यात देणे बंद झाले, ते पेंढ्यात उधळू लागले. वानरे दिवसभर पेंढा उसकटीत, चणे शोधीत, त्यावरून भांडत. केस उपटायला त्यांना सवड उरली नाही.

“उद्या यांना पानसुपारी द्यायची का, वैद्यराज?” रोहक विचारी.

“तुझ्या चंचीतली देऊ,” सुनेत्र म्हणे.

मग सुनेत्राने भिंतीत खुंट्या ठोकल्या. प्रत्येक वानराची खुंटी वेगळ्या रंगाची. वानराने आपली खुंटी धरली की उंबराची फोड मिळे. खुंटी धरून तोंड उघडले की आणखी एक. पुढे त्याच तोंडाला पाण्याचा शिंपला लावायचा, आणि त्यानंतर काढ्याचा. नियम एकच होता. तो वानरांना नव्हता, माणसांना होता. वानराने खुंटी सोडली की माणसाने हात थांबवायचा.

रोहक म्हणाला, “मग एक थेंब पोटात जायचा नाही. वानराने आपण होऊन कडूजहर काडेचिराईत घेतले, तर मी राजा झालो म्हणून समजा.”

तांबी नावाची म्हातारी वानरी होती. फासाने तिच्या गळ्यावरचे केस कायमचे गेले होते. वर्ष उलटल्यावर एका सकाळी तिने आपली निळी खुंटी धरली, तोंड उघडले आणि काडेचिराईताचा शिंपला पुरा प्याली. तोंड वेडेवाकडे केले, पण खुंटी सोडली नाही.

अंगण झाडणारी सामा रोहकाला म्हणाली, “यावे महाराज! सिंहासन पुसून ठेवू ना?”

त्या दिवसापासून तांबीसाठी उंबराची फोड रोहक स्वतः कापू लागला. फास भिंतीला टांगलेलाच राहिला. तेल चोळणे मात्र सुटले.

पुढे राजाचा एकुलता मुलगा तापाने पडला. ताप उतरेना, मूल डोळे उघडीना. सुनेत्राने तापावरची अतिविषाची नवी मुळी आणवली, स्वतः निवडली, काढा केला आणि भर दुपारी तो वानरशाळेत आला. राजाला महालात बसवेना. तोही मागोमाग आला.

तांबीने खुंटी धरली. शिंपला तोंडाशी आला. तिने खुंटी सोडली.

सुनेत्राने हात थांबवला. थोड्या वेळाने पुन्हा शिंपला नेला. तिने पुन्हा खुंटी सोडली. दुसऱ्या वानराने तेच केले. तिसरे नुसते हुंगून फळीवर चढून बसले.

राजा ओरडला, “माझे पोर जाते आहे, आणि तू वानरांची मर्जी बघतोस? रोहका, फास घे!”

रोहकाने फास काढला. वादी वाळून कडक झाली होती, पण हाताला जुनी सवय होती. बाकीची वानरे वर पळाली. तांबी पळाली नाही. तो फास तिने ओळखला असणारच. तरी ती खुंटीखाली बसून राहिली, आणि रोहकाच्या मोकळ्या हाताची बोटे एकेक उघडून पाहू लागली. त्या मुठीत फोड असते, हे तिला ठाऊक होते.

रोहकाने फास खाली ठेवला.

“माझी आज्ञा मोडतोस?” राजा म्हणाला.

“मोडतो.”

“का?”

“हिला पळता आले असते, महाराज. पळाली नाही. आता माझ्याने होणार नाही.”

राजाचा हात तलवारीवर गेला. सुनेत्र मध्ये उभा राहिला.

“महाराज, भ्यालेला प्राणी सगळ्यालाच नको म्हणतो. त्याच्या नको म्हणण्यातून काही कळत नाही. ही भ्यालेली नाही. हिने माझ्या हातून काडेचिराईत घेतले, कडुनिंब घेतला. आज ही नको म्हणते, तर खोट औषधात असेल. औषध मी केले आहे. मीच बघतो.”

त्याने काढ्याचा थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. जिभेला मुंग्या आल्या. मग जीभ बधिर झाली, ओठही. त्याने ओळखले. अतिविषाच्या मुळ्यांत बचनागाची मुळी मिसळली होती. दिसायला दोन्ही बहिणी. एक ताप उतरवते, दुसरी जीव घेते.

जड जिभेने तो म्हणाला, “मुळ्या मी निवडल्या. चूक माझी. फास टाकून पाजले असते तर तांबी थरथरली असती, लाळ गाळली असती. आपण म्हणालो असतो, भ्याली आहे. आणि काढा राजपुत्राला दिला असता.”

राजाला बहीण आठवली. तलवारीवरचा हात खाली आला. तो तेथेच पेंढ्यात बसला.

सुनेत्राने काढा ओतून टाकला. जुन्या साठ्यातली एकेक मुळी मोडून, चाखून त्याने नवा काढा केला. तांबीने खुंटी धरली, हुंगले, तोंड वेडेवाकडे करीत सगळा प्याली आणि लगेच पेंढ्यात चणे शोधू लागली. ऊन उतरेपर्यंत सगळे तिच्याकडे पाहत बसले. तिला काही झाले नाही. मग काढा राजपुत्राला दिला. त्याचा ताप उतरला.

राजा म्हणाला, “वैद्या, माग.”

सुनेत्र म्हणाला, “खुंटीचा नियम माझ्यामागेही राहावा. आणि जी वानरे म्हातारी झाली, त्यांना नदीकाठची राई मिळावी.”

राजाने दोन्ही दिले. राईत तांबी पहिली गेली. राईचे फाटक रोहकाने उघडले. आत जाऊन त्याने फासाची गाठ सोडली, वादी तेल चोळून मऊ केली आणि एका फांदीला झोका बांधून दिला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, “भिक्खूंनो, तो राजा म्हणजे आजचा आनंद. तांबी म्हणजे आपली वृद्ध भिक्खुणी सोमा. फास खाली ठेवणारा रोहक म्हणजे हा दंतिल भिक्खू, जो संघात येण्यापूर्वी अंकुशाने हत्ती वठणीवर आणीत असे. आणि तो वैद्य मीच होतो. ज्याच्यावर आपली सत्ता चालते त्याने नको म्हटले की हात थांबवणे, हीच मैत्री.”