खोपटावरचे पांघरूण

एका राज्यात रूपसेन नावाचा राजा होता, आणि ओंगळ म्हणून काही डोळ्यांसमोर आलेले त्याला खपत नसे. रस्त्याकडेला झोपड्या दिसल्या, की त्यांच्यापुढे कनाती ठोकल्या जात. दरबारात कोणी लबाडी केली, की राजा म्हणे, "प्रधानजी, पांघरूण घाला." प्रधानजी घालीत. हा शब्द तिथे उठताबसता वापरला जाई. त्याला दुसरा काही अर्थ असतो, हे सगळे विसरून गेले होते.

राणी सुलक्षणेने लेक पोटात असताना आपल्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवली होती. "राजवाड्यात ठिगळं?" राजा म्हणाला, आणि गोधडी पेटाऱ्याच्या तळाशी गेली. राजकन्या सोनावती रेशमात वाढली.

एका पौषात बागेच्या दाराशी एक जादूगार आला. देवीच्या व्रणांनी त्याचा चेहरा पार बिघडला होता.

"राजा, थंडी फार आहे. बागेत टेकू दे."

राजाने नुसती खूण केली. सेवकांनी त्या चेहऱ्यापुढे पडदा ओढला.

पडद्यापलीकडून जादूगार म्हणाला, "आता तुझ्या बागेतही एक ओंगळ गोष्ट उभी राहील. तिच्यावर पांघरूण घाल, लेक परत मिळेल. माघी पुनवेचा सूर्य मावळला, की खोपट मातीत जाईल आणि लेकही."

राजाने वळून पाहिले. कारंज्यापाशी सोनावती खेळत होती, तिथे ती नव्हती. तिथे एक खोपट उभे होते. कुडाच्या भिंतींना फुगवटे आलेले, छप्पर एका अंगाला कललेले, आणि दार मुळीच नाही. पोरीला जादूगाराने पळवले आणि जाता जाता हे ध्यान ठेवून गेला, असेच सर्वांना वाटले. स्वार चारी दिशांना धावले आणि हात हलवीत परत आले.

"पांघरूण घाला म्हणाला ना? घालू," राजा म्हणाला. "असं झाकू, की कावळ्यालाही दिसणार नाही."

आधी बुरूड आले. त्यांनी ताट्या विणून खोपटाच्या चहूबाजूंनी उभ्या केल्या. सकाळी ताट्या आपल्या आपण उलगडल्या, कांब्या एकमेकींना जुळल्या, आणि बांबू चालत जाऊन आपल्या बेटात उभे राहिले. खोपट होते तसेच होते, फक्त थोडे जास्त कललेले.

मग राघोजी माळ्याने रानातल्या जखिणीला आपली सावली देऊन एक वेल आणली. ती दिवसात वळचणीपर्यंत चढली, पांढऱ्या फुलांनी भरून गेली, आणि मग तिच्या पानापानांतून पाणी गळू लागले. राघोजीने एक थेंब जिभेवर घेतला.

"महाराज, पाणी खारट आहे."

"वेलीचं काय ते सांग."

"वेल कुजली, महाराज."

राघोजी बिनसावलीचा घरी गेला. त्याला कोणी दोन शब्द बरे बोलले नाही. राजेलोकांचे हे नेहमीचेच.

शेवटी मांत्रिक आले. त्यांनी मंत्र म्हणून अशोकाची झाडे उगवविली, अशी उंच आणि अशी दाट, की वाराही आत जाईना. खोपट दिसेनासे झाले. राजाने वाड्याचे दरवाजे सताड उघडले, हत्तीवरून वाटायला साखर काढली, आणि तो स्वतः उंबऱ्यात जाऊन बसला.

कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साखरेला मुंग्या लागल्या. बागेतली फुले उमलायच्या आधीच काळी पडू लागली. राजा जेवेना, दाढी करीना. ज्याला आरशाविना करमत नसे, त्याने आरसे भिंतीकडे तोंड करून लावले. आपली पोर मेली, एवढेच त्याच्या मनात उरले. राणीचे रडणेही आटले होते.

"तुम्ही झाकलंत," ती म्हणाली. "आणि ती आली नाही."



अशी माघी पौर्णिमा उजाडली, आणि दुपार कलली. थंडी शेवटची म्हणून हाडात शिरत होती. तेवढ्यात सोनावतीची साळुंकी राणीच्या खिडकीत येऊन बसली. पौषापासून ती त्या खोपटाच्याच वळचणीला राहत होती.

"राणी, खोपट कुडकुडतंय," साळुंकी म्हणाली. "आई म्हणून हाक मारतंय."

राणी उठून खिडकीशी आली. "आजवर बोलली का नाहीस?"

"बोलले. राजा म्हणाला, पाखरू कलकलतंय, पडदा ओढा."

"पांघरूण..." राणी पुटपुटली. मग तिने तो शब्द मोठ्याने म्हटला, आणि कपाळावर हात मारून घेतला. पेटारा उपसून तिने तळाची गोधडी काढली आणि ती धावत सुटली. अशोकाच्या फांद्यांनी तिचे लुगडे फाटले, हात सोलले. राजा मागे धावला.

गोधडी तान्ह्या लेकराची. खोपटाचा एक कोपरा जेमतेम झाकला. राणीने कडा भिंतीखाली खोचल्या, पायगतीला खोचतात तशा.

"पुरत नाही हो!" ती ओरडली. "पोरीचे पाय उघडे राहतात!"

सूर्य झाडांआड उतरला होता. राजाने अंगावरचा शेला काढून छपरावर टाकला, मग अंगरखा काढला, आणि तोही पुरेना, तेव्हा तो उघड्या अंगाने त्या फुगलेल्या भिंतीला कवटाळून बसला. भिंत थरथरत होती. राणी गोधडीवरून थोपटत राहिली. हळूहळू थरथर थांबली.

सूर्य मावळला. राजाच्या मिठीत सोनावती होती, अंगावर गोधडी, ओठ निळे.

बागेत कळ्या पुन्हा धरल्या. रस्त्याकडेच्या कनाती काढून त्यांचे कापड झोपड्यांतल्या लोकांना अंथरापांघरायला दिले. राघोजीची सावली जखिणीने परत धाडली. जादूगाराला राजाने स्वतः जाऊन शोधले आणि हाताला धरून शेकोटीपाशी बसवले. दरबारात पांघरूण घाला म्हटले, की आता सेवक खरोखरचे पांघरूण घेऊन येतात.

पण त्या संध्याकाळी सोनावतीने डोळे उघडले, तेव्हा आधी बापाकडे पाहिले होते.

"आबासाहेब," ती म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं. मी इतकी का वाईट दिसत होते?"

राजा गप्प राहिला, तो अजून गप्प आहे. सोनावतीला ऊब मिळाली तशी तुम्हा-आम्हाला मिळो, आणि राजाला ऐकावा लागला तो प्रश्न कुणाच्याही कानी न पडो.