तोंडभर पाणी

“मग तिला परत पहिलीत बसवू ना, अप्पा?”

मठाच्या ओसरीवर बसता बसताच विरूपाक्ष मास्तरांनी विचारलं. अप्पा म्हणजे मठाचे म्हातारे स्वामी. मास्तरांनी लहानपणी अक्षरं गिरवली ती त्यांच्याच समोर, त्यामुळे शाळेतलं काही अडलं की पाय अजूनही इकडेच वळत.

या खेपेला अडलं होतं म्हाळसापाशी. बिरू धनगराची ही लेक तिसरीत होती, आणि आत्ता मास्तरांच्या मागं खांबाला चिकटून उभी होती. पोरगी ‘झाड’ वाचायची, ‘पाखरू’ वाचायची. पण ‘झाडांवरून’, ‘पाखरांना’, ‘उडाली’ असलं काही आलं की निम्म्यावरच गप्प. बापानं तर सांगूनच टाकलं होतं, खालच्या वर्गात घातली तर शाळा बंद, दुसऱ्या दिवशीपासून मेंढरांमागं. तिला शाळा हवी होती हो. पण बिचारी सांगणार कुणाला?

मास्तरांना वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण आपल्या शिकवण्यात काही कमी असेल, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी पिशवीतून वाक्यं लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढून मांडल्या. मूळ शब्द काळ्या शाईत, त्याच्या शेपटाला लागणारं सगळं लाल शाईत. तालुक्याला या पट्ट्यांचं केवढं कौतुक झालं, तेही सांगून झालं.

अप्पांनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. छान आहेत म्हणाले. मग पोरीला जवळ बसवून वाचायला सांगितलं.

“झाडां…” म्हाळसा थांबली आणि मास्तरांच्या तोंडाकडं बघायला लागली.

“…वरून,” मास्तर म्हणाले.

“उडा…”

“…ली. बघितलंत, अप्पा?”

“बघितलं.”

अप्पांनी शेजारचा तांब्या मास्तरांपुढं सरकवला. तोंडभर पाणी घे म्हणाले, पण पोरीचं वाचून होईस्तोवर गिळायचं नाही आणि थुंकायचंही नाही. मास्तर चक्रावले. या वयात अप्पांना हे काय सुचलं, काही कळेना. पण अप्पांपुढं कुणाचं चाललंय कधी? मास्तरांनी मुकाट्यानं गाल फुगवले.

अप्पांनी दुसऱ्या वाक्याची पट्टी पुढं ठेवली.

“शेळ्या… ओढ्या…”

म्हाळसानं सवयीनं मास्तरांकडं पाहिलं. ते फुगलेले गाल बघून तिला हसूच फुटलं. मास्तरांचे ओठ वळवळले, पाणी सदऱ्यावर ओघळलं, पण शब्द काही बाहेर पडेना.

पोरीनं अप्पांकडं पाहिलं. ते बाहेर चिंचेकडं बघत होते. मग तिनं पट्टीवर बोट ठेवलं.

“ओढ्या… कडे. ओढ्याकडे. धाव… धावल्या.”

क्षणभर तिचाच विश्वास बसेना. तिनं सगळं वाक्य पुन्हा एकदा घडाघडा म्हणून बघितलं, आणि जमलं.

मास्तरांनी घोट गिळला. पुढ्यातल्या पट्ट्या एकेक करून पिशवीत भरल्या. भरता भरताच त्यांनी विचारलं, “मग… पहिलीचं काय करू, अप्पा?”

“पोरगी तिसरीतच राहील,” अप्पा म्हणाले. “पहिलीत कुणाला बसवायचं, ते जाताना वाटेत ठरव.”