उंबऱ्याला नमस्कार

“…तर मग हिला दीक्षा कधी द्यायची, स्वामीजी?”

भास्कररावांनी विचारलं आणि हात जोडले.

स्वामी काहीच बोलले नाहीत. बोलणार तरी कसे? साथ आली, गावातली दारं बंद झाली, त्याच दिवशी त्यांनी मौन धरलं होतं. साथ सरेपर्यंत तोंडून शब्द काढायचा नाही, असं व्रत. आता मठाचं फाटक उघडलं होतं, पण साथ काही सरली नव्हती.

भास्करराव त्यांचे जुने शिष्य. गावात ध्यानाचे वर्ग घ्यायचे, आणि आपल्याला बरंच कळतं हे चार लोकांना कळावं, याचीही काळजी घ्यायचे.

सोबत त्यांची दोन मुलं होती. सोळा वर्षांची मृण्मयी मान खाली घालून बसली होती. दहा वर्षांचा कैवल्य पायरीवर टाचा आपटत होता.

“याचं सोडा,” भास्करराव म्हणाले. “शाळा बंद झाल्यापासून याच्या अंगात आलंय. ताटं काय फेकतो, ताईच्या दारावर लाथा काय मारतो! पण ही…”

ते मृण्मयीकडे वळले.

“हिनं सगळं सोडलं, स्वामीजी. मैत्रिणी सोडल्या, फोन सोडला. दोन घास खाते. पहाटे बघावं तर जागीच. दार लावून तासन्‌तास बसते, एक शब्द नाही. मला उभ्या जन्मात जमलं नाही, ते या पोरीला घरबसल्या साधलं! मी रोज सकाळी तिच्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतो…”

यात ढोंग नव्हतं. बापाचे डोळे खरोखरच भरून आले होते.

स्वामींनी कैवल्यकडे पाहिलं आणि हसले. मग मृण्मयीकडे पाहिलं. बराच वेळ…

त्यांचं हसू मावळलं.

ते आसनावरून उतरले. भास्कररावांनी पुन्हा हात जोडले. स्वामी कुणासाठी आसन सोडत नसत. आता ते आपल्या लेकीला नमस्कार करणार!

स्वामी तिच्यासमोर फरशीवर बसले.

“पोरी,” ते म्हणाले, “मला फार भीती वाटते गं, या दिवसांत… तुला?”

आवाज खरखरीत होता, इतके दिवस न वापरलेला. दारातला सेवेकरी हातातली घागर तशीच धरून उभा राहिला. व्रत मोडलं होतं.

मृण्मयीचे ओठ हलले.

“वाटते.”

आणि मग, “रोज वाटते.”

ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोरासारखी.

कैवल्यच्या टाचा थांबल्या.

“ती रोज रडते, बाबा,” तो म्हणाला. “दाराला कान लावला की ऐकू येतं. मी लाथ मारली की थांबते.”

भास्करराव बघतच राहिले. आधी लेकीकडे, मग लेकाकडे. मग स्वामींकडे. एवढी तपश्चर्या या माणसानं एका मुलीच्या एका शब्दासाठी सहज टाकून दिली होती. ते स्वामींच्या पायांवर कोसळले.

“स्वामीजी, आपलं व्रत… माझ्यामुळे…”

स्वामींचा हात मृण्मयीच्या डोक्यावर होता. तो त्यांनी काढला नाही.

“उंबऱ्याला हात लावत होतास ना, भास्करा? …आता ओलांड.”