चांगुणाचा पहिला मुद्दा

आशा सेविका चांगुणा वारघडे अठरा वर्षं अडलेल्या बायकांना डोलीतून ओढ्यापलीकडच्या दवाखान्यात नेत होती. यंदा एकीचा भर ओढ्यात जीव गेला, तेव्हा तिने विधानसभेसाठी अर्ज भरला.

प्रचारासाठी वाडीत आलेल्या आमदार भास्कररावांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, पायाभूत विकासात तुमचा प्राधान्यक्रम काय?"

चांगुणा पार गोंधळली. एक शब्द कळेल तर शपथ! तिने मान खाली घातली, तर समोर आमदारांची गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट.

"साहेब, माझा पहिला मुद्दा तुमच्या पँटीतून गळतोय," ती म्हणाली. "ओढ्यावर पूल!"

सगळी वाडी हसत सुटली. भास्कररावांनी खाली पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि हातातला भाषणाचा कागद खिशात घातला.