धोंडमाळची तागडी

नगरकडच्या पाऊस चुकवणाऱ्या पट्ट्यात धोंडमाळ नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये शिरलं की डाव्या हाताला तुळईला टांगलेली एक जुनी तागडी दिसते. बाभळीच्या लाकडाची दांडी, दोरांनी बांधलेल्या दोन फळ्यांची पारडी, आणि मधोमध एक लोखंडी कडी. वजनं मात्र कुठेच नाहीत. शहरातून येणारे पाहुणे हमखास विचारतात, की इथे पूर्वी वाण्याचं दुकान होतं का. चर्चची देखभाल करणारे दावीदतात्या त्यावर न चिडता म्हणतात, "दुकानच म्हणा. पण इथं घासाघीस कुणी केली नाही." मग पाहुण्यांना बाकावर बसवतात, पाणी देतात आणि पारडी पुसता पुसता दिनाबाईची गोष्ट सांगतात. तात्यांनी ती आजीकडून ऐकली, आजीने तिच्या आजीकडून. त्यामुळे थोडं इकडचं तिकडे झालं असेल, हे ते आधीच कबूल करून टाकतात.

फार पूर्वी, गावात ख्रिस्ती मंडळी नुकतीच उभी राहिली होती तेव्हा, सिमोन आणि दिनाबाई हे जोडपं इथे राहत होतं. सोबत सिमोनची म्हातारी आई, भागाई. माळाच्या कडेला तुकडाभर जमीन होती. बारा वर्षं झाली तरी दिनाबाईची कूस उजवली नव्हती. बायका तोंडावर काही बोलत नसत, पण बारशाला बोलवायचं विसरत. अशी विसरलेली बारशी दिनाबाईला सगळी पाठ होती.

धोंडमाळात ज्वारीची खळी उरकली की हंगामाचा सण येतो. त्या रविवारी घरोघरचं धान्य चर्चमध्ये अर्पण करतात आणि एकेक जण उभा राहून देवाचे उपकार मानतो. कुणाची गाय व्याली, कुणाचा ताप उतरला. अशा एका रविवारी दिनाबाई उभी राहिली. उपकार मानायला काही सापडेना, म्हणून तिने मागणंच मागितलं. असे सांगतात की भरल्या मंडळीत ती म्हणाली, "देवा, जेवढं मपल्या पदरात ठेवशील, तेवढ्याच्या भारोभार जोंधळे दरसाली तुझ्या दारी आणीन."

पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला. नाव ठेवलं शमुवेल. सिमोनने बाभळीची फांदी तासून ही तागडी केली आणि पाच महिन्यांच्या पोराला सणाच्या दिवशी पारड्यात निजवलं. दुसऱ्या पारड्यात दिनाबाई ओंजळी-ओंजळीने जोंधळे टाकू लागली. पोराने हात लांबवून मूठभर जोंधळे ओढले आणि तोंडात कोंबले. सगळी मंडळी हसली. उपासना चालवणारे हरिबा पाळक म्हणाले, "आताच देवाच्या ताटात जेवायला लागला."

एकट्या भागाईला मात्र हे पटलं नव्हतं. म्हातारीचा बाप्तिस्मा झाला होता, पण जुन्या समजुती काही पाण्याने धुऊन गेल्या नव्हत्या. लेकरू तोलू नये, तोललेलं टिकत नाही, असं तिचं म्हणणं. दिनाबाई सासूला उलट बोलणारी नव्हती. या एका बाबतीत मात्र तिने ऐकलं नाही. बारा वर्षं गावाने तिला मोजलं होतं. आता तिला आपलं लेकरू सगळ्यांसमोर तोलायचं होतं. त्यात थोडा तोरा होता, हे तात्याही मान्य करतात. पण एवढा तोरा कुणाला नसतो, असंही लगेच म्हणतात.

शमुवेल वाढत गेला, तसं जोंधळ्यांचं मापही वाढलं. पोराला या तोलण्याचं भारी कौतुक. सणाच्या सकाळी तो पोट टम्म होईस्तोवर पाणी प्यायचा. पाचव्या वर्षी त्याने आणखी एक शक्कल काढली. सणासाठी शिवलेल्या बंडीच्या खिशांत ओढ्यातले खडे भरून आला. पारड्यात बसताना खुळखुळ वाजलं आणि चोरी उघडी पडली. सिमोनने खिसे उलटे करून एकेक खडा बाहेर काढला. सात निघाले. असं का केलं म्हणून विचारलं, तर पोरगं म्हणालं, "देवाला जास्त मिळावं म्हनून." सिमोनने हसू दाबलं आणि खोट्या वजनाचं अर्पण देवाला चालत नाही म्हणून समजावलं. शमुवेलने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं असं मात्र कुणाला वाटलं नाही.

पुढच्या साली पावसाने पाठ फिरवली. ओढा आटला, विहिरीचा तळ दिसायला लागला, पेरलेलं हातभर वाढून जागीच वाळलं. हंगामाचा सण आला, पण हंगामच नव्हता. बहुतेकांनी अर्पणाला मूठ-मूठ आणलं. दिनाबाईने मात्र गेल्या वर्षीच्या पिकातले चौदा-पंधरा शेर जोंधळे एका मडक्यात झाकून ठेवले होते. घरात अर्धी भाकरी चौघांत वाटली जात होती, तरी त्या मडक्याला तिने हात लावला नव्हता. देवाला बोललेलं होतं. भागाई म्हणाली, "अगं, देवाचं पोट भरलेलं हाये. लेकराला घाल." दिनाबाईने ऐकलं नाही.

शमुवेल पारड्यात बसला. मागचं आठवून सिमोनने खिसे चाचपले. या खेपेला काहीच नव्हतं. दुष्काळाने पोराची खोडीसुद्धा नेली, असं वाटून त्याला वाईट वाटलं. दिनाबाई जोंधळे टाकू लागली आणि मडक्यात दोन-अडीच शेर उरले असतानाच पारडी समान झाली. पोरगं गेल्या वर्षीपेक्षा हलकं भरलं होतं. हरिबा पाळकांनी हात जोडून सांगितलं, की बाई, सगळं परत घेऊन जा, देव रागावणार नाही. पण दिनाबाईने उरलेलेही जोंधळे तिथेच ओतले आणि रिकामं मडकं घेऊन घरी गेली. पाळकांनी ते धान्य गावातल्या उपाशी घरांना वाटलं. सिमोनच्या घरीही वाटा पाठवला, तो तिने दारातूनच परत केला.

वैशाखात शमुवेलला ताप भरला. सहा दिवस तो अंथरुणाला होता. सातव्या दिवशी दुपारी आईच्या मांडीवर गेला. चर्चमागच्या बाभळीखाली त्याला ठेवलं. सिमोनने एकट्याने खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

दिनाबाई वाट पाहत होती, की सासू कधीतरी म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हातारी म्हणालीच नाही, आणि ते न म्हणणं दिनाबाईला जास्त लागलं. तेवढे जोंधळे चौघांना पंधरवडा पुरले असते. लेकराच्या अंगात चार घास असते, तर ताप त्याला पेलला असता का? हे तिने पाळकांना विचारलं. हरिबा पाळकांजवळ सांत्वनाची वचनं पुष्कळ होती. पण त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाई." मग ते तिच्या ओट्यावर बसून रडले. तेव्हापासून दिनाबाईने चर्चची पायरी चढली नाही. घंटा झाली की ती भिंतीकडे तोंड करून बसे.

आणि त्याच वर्षी पाऊस असा पडला, की म्हातारी माणसंही म्हणाली, असं साल पाहिलं नाही. सिमोनच्या तुकड्यात ज्वारी पुरुषभर वाढली. कणसं मुठीत मावेनात. खळ्यावर रास पडली तेव्हा दिनाबाई तिच्याकडे पाहून हंबरडा फोडून रडली. ज्या घरात खाणारा उरला नव्हता, त्या घरात धान्य ठेवायला जागा नव्हती. देवाने पोटभर द्यायला एक वर्ष उशीर केला, असं ती उघड म्हणाली. कुणी तिला गप्प केलं नाही.

हंगामाचा सण आला. सकाळी सिमोन पोतं बांधत होता. दिनाबाई उंबऱ्यात बसून म्हणाली, की बोल तर माझा आहे, पदरात ठेवशील तेवढ्याच्या भारोभार. आता पदरात काय ठेवलंय त्याने? कशाच्या भाराने नेऊ?

सिमोन पोतं बांधतच राहिला. आतून भागाई उठली. तिने आपली पेटी उघडली आणि एक गाठोडं आणून सुनेच्या पदरात ठेवलं. शमुवेलची सणाची बंडी, एक टोपी, आणि एक शिंग मोडलेला लाकडी बैल. वर्षभर म्हातारीने ते सुनेच्या नजरेआड ठेवलं होतं. ती म्हणाली, "एवढं ऱ्हायलंय बघ. चल, मीबी येते."

तिघं चर्चमध्ये गेली तेव्हा उपासना सुरू झाली होती. गीत मध्येच थांबलं. दिनाबाई सरळ तागडीपाशी गेली आणि गाठोडं सोडून त्या तीन वस्तू पारड्यात ठेवल्या. दुसऱ्या पारड्यात एकेक मूठ जोंधळे टाकू लागली. सिमोनचा हात आपसूक बंडीच्या खिशाकडे गेला. तो चाचपू लागला आणि थांबला. बंडीच्या आतल्या अंगाला एक चोरखिसा होता. पोराने हट्ट करून आजीकडून शिवून घेतलेला. त्यात ओढ्यातला एक गोल खडा होता.

गेल्या साली, म्हणजे दुष्काळात, तो खडा तिथे होताच. पोराला कळलं होतं की आपण हलके झालो आहोत. तरीही देवाला कमी पडू नये, आईचा बोल उणा होऊ नये, म्हणून त्याने तो लपवला होता. आणि तो खडा धरूनसुद्धा तो हलकाच भरला होता.

सिमोनने खडा काढून हातात घेतला. मागे ते सात काढले होते, तसाच. दिनाबाईने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यानं देवासाठी ठेवला व्हता."

खडा पारड्यात गेला. पारडं खाली झुकलं, आणि त्या खड्यापायी ओंजळभर जोंधळे आणखी टाकावे लागले. देवाला जास्त मिळावं ही पोराची इच्छा अशी पुरी झाली. काही लोक सांगतात, की पारडं उचललंच नाही, शमुवेलच्या वजनाइतके जोंधळे पडले तेव्हा कुठे दांडी समान झाली. तात्या लहानपणी हे मानत असत. आता म्हणतात, एवढा मोठा चमत्कार कशाला हवा? जेमतेम दीड शेर जोंधळे झाले असतील. तेवढेच टाकायला तिला किती वेळ लागला असेल, ते बघा.

मग उपकार मानायला ती मंडळीसमोर उभी राहिली. पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि म्हणे एवढंच बोलली, "देवा, सहा सालं दिलंस, त्याचे उपकार. यंदा जोंधळे दिलेस, त्याचे उपकार. न्हेलंस, त्याचे उपकार मपल्याच्यानं व्हत न्हाईत. ते तू मागू नको. पर मी आले."

हरिबा पाळक 'आमेन' म्हणाले. पाठोपाठ सगळी मंडळी म्हणाली. सर्वांत शेवटी भागाई म्हणाली, आणि तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

सिमोनचं पोतं इतरांच्या पोत्यांत गेलं. पण त्या दीड शेराच्या दिनाबाईने चर्चच्या अंगणात चूल मांडून घुगऱ्या शिजवल्या आणि गावातल्या प्रत्येक लेकराला ओंजळ-ओंजळ वाटल्या. पुढे ती जगली तोवर दरसाल त्या तीन वस्तू आणि तो खडा तोलत राहिली. बंडीला कसर लागली, टोपी विरली, बैलाचं दुसरं शिंग गेलं. भार दरवर्षी कमी होत गेला. खडा तेवढाच राहिला.

त्यानंतर धोंडमाळात कुणी लेकरू तागडीत घातलं नाही. अंगणवाडीच्या ताईंना वजनाच्या दिवशी या गावात अजून चार घरी जास्त समजूत घालावी लागते. पण तागडी रिकामी राहिली नाही. आजही हंगामाच्या सणाला भरल्या घरची पोती एका बाजूला रचतात, आणि ज्या घरातलं माणूस त्या साली गेलं असेल, ते घर त्याची एखादी वस्तू घेऊन तागडीपाशी येतं. कुणाची काठी, कुणाचा अडकित्ता, कुणाचं दुपटं. वस्तूसोबत ओढ्यातला एक खडा ठेवतात. तो काढायचा नाही, एवढाच नियम. भारोभार जोंधळे पडतात, त्यांच्या घुगऱ्या होतात आणि गावची पोरं त्या खातात. नेलं त्याचे उपकार मानायला कुणालाही सांगत नाहीत. कुणी मानलेच, तर अडवतही नाहीत.

गोष्ट संपली की पाहुणे उठून तागडीपाशी जातात. परवा त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, यंदा कुणाकुणाच्या घरचं तोलायचं आहे? तात्यांनी पारडं पुसून फडकं खांद्यावर टाकलं आणि दोन घरांची नावं सांगितली. मग म्हणाले, "तिसरं आमचंच."

भाद्रपदात त्यांची बायको गेली. एक्केचाळीस वर्षांचा संसार. तोलायला त्यांनी तिची लाकडी फणी काढून ठेवली आहे. फणीला काय वजन असणार? मूठभर जोंधळेही जास्त होतील. खडा मात्र त्यांनी ओढ्यात उतरून, चांगला मोठा निवडून आणला आहे.