बटणातलं बिऱ्हाड

आमच्या गावात वीज नवीनवी होती आणि पालींना अजून बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. भागीरथीकाकूंच्या स्वयंपाकघरातला छताचा दिवा एका संध्याकाळी लागेचना. काकूंनी बटण पुन्हापुन्हा दाबलं, मग वर बघून बल्बलाच दरडावलं, "उद्या तुला उकिरड्यावर टाकते की नाही बघ!"

छतावरची पाल घाबरली. बल्ब तिचा जिवलग. त्याच्याच उजेडात तिचं रोजचं जेवण व्हायचं. "काय रे, बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे गं," बल्ब म्हणाला. "खालून वीजच येत नाही."

पाल सरसर उतरली आणि तिने बटणाच्या फटीला कान लावला. आत मुंग्यांनी त्याच दिवशी बिऱ्हाड थाटलेलं! वीज जोडणाऱ्या पत्र्यांच्या मधोमध अंड्यांची रास. वीज जाणार कुठून?

"मुंगीबाई, जागा सोडा."

"का म्हणून, पालताई? इथे ऊब आहे, आणि जेवण रोज दारात पडतं, म्हणून तर आज इथे राहायला आलो."

"कसलं जेवण?"

"दिव्यावर येणाऱ्या किड्यांचे पंख. आज मात्र काही पडलंच नाही बाई."

"पडेल कसं? दिवा तुम्हीच अडवलाय!"

आत एकच धावपळ उडाली. मग अंडी तोंडात धरून मुंग्यांची रांग निमूट बाहेर निघाली.

काकूंनी पुन्हा बटण दाबलं. लख्ख उजेड! त्यांनी सवयीने हात जोडले आणि म्हणाल्या, "बघा, दम दिला की कसा सुधारतो!"

पालीला खरं काय ते सांगायचं होतं, पण तोवर तिच्या तोंडात एक गुबगुबीत पतंग होता.