अक्रोडांच्या मुलखातली टुणी

झाडं खारींना कामावर ठेवत, तेव्हाची गोष्ट. बोरीच्या रानातल्या टुणी खारीला दूर बर्फाच्या डोंगरावर अक्रोड वेचायचं काम मिळालं. मजुरी रोजचे चार अक्रोड! तिच्या रानात एका अक्रोडाला शंभर बोरं मिळत आणि दहा बोरांत अख्खं घर जेवे. टुणी आनंदाने गिरक्याच घेऊ लागली.

"अगं बाई, रोजची चारशे बोरं! आईला नवी ढोली घेणार मी!"

पण डोंगरावर ढोलीचं भाडं रोज एक अक्रोड होतं आणि पोटालाही एक लागे.

"एका रात्रीची शंभर बोरं? लुटारू मेले!" टुणी किंचाळली. ती उघड्या फांदीवर झोपू लागली, झाडाची साल चघळू लागली. अक्रोडांचा ढीग वाढला आणि टुणी वाळत गेली. एका सकाळी तिला साधी उडीही मारता येईना.

ढोल्या कोरणारा म्हातारा सुतारपक्षी जवळ येऊन बसला.

"पोरी, हा ढीग आईकडे कोण नेणार?"

"मीच की!"

"या पायांनी? अगं, इथं बोरीचं एक तरी झाड दिसतं का? मग घासाघासाला बोरं कशाला मोजतेस? दोन खाण्या-राहण्याला खर्च कर, दोन आईसाठी ठेव. आईला तेवढे पुष्कळ आहेत."

टुणीने एक अक्रोड फोडला, गर तोंडात टाकला आणि तिचे डोळे चमकले.

"अय्या! मी वेचते ते इतकं गोड असतं? काका, ढोली दाखवा बघू. उन्हाकडे तोंड असलेली!"